इस्त्री केलेला पुरावा

आता सांगायला हरकत नाही. निकाल आला, वकीलबाईंनी त्याची प्रत काढून आमच्या घरी पाठवली, आणि गेले चार दिवस मी दोन्ही वेळा नीट जेवते आहे. त्याआधी चार महिने नुसते घास गिळत होते. घोळ माझाच होता, तेव्हा तो मीच सांगितलेला बरा. भावजय सांगायला लागली तर मला पाठीशी घालेल, आणि धाकटा सांगायला लागला तर तिखटमीठ लावेल.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आता चाळिशी ओलांडलेला बाप्या आहे, पण घरात अजून धाकटाच. गेली तीन वर्षं तो खिडकीजवळच्या पलंगावर बसून असतो. शेजारी हवेचं मशीन घरघरत असतं आणि त्याची नळी याच्या नाकात. पलंगापासून मोरीपर्यंत जायचं तर मध्ये एकदा खुर्चीवर टेकावं लागतं. फुप्फुसांत वाळूची धूळ बसली आहे. डॉक्टर म्हणाले, ती आता बाहेर येत नाही. औषधं आहेत ती त्रास कमी करायला, एवढंच.

ही वाळू आली कुठून ते सांगते. आम्ही दोघं एकाच फॅक्टरीत होतो, जीन्सच्या. मी वर सॅम्पल खोलीत आणि तो खाली वाळूच्या खोलीत. लोकांना नवी पँट जुनी दिसणारी हवी असते, मांडीवर फिकट झालेली, वर्षानुवर्षं वापरल्यासारखी. वापरून जुनी करायला कुणाला वेळ आहे? मग टेबलावर पँट पसरायची, जाड नळी हातात धरायची आणि हवेच्या जोरावर मांडीवर वाळू मारायची. मिनिटभरात दहा वर्षं जुनी. खोलीला एक पंखा आणि एक दार. धाकट्याने ते काम सात वर्षं केलं, तोंडाला रुमाल बांधून.

त्याला तिथे मीच लावला होता. हे मी आजवर तोंडाने म्हटलं नव्हतं, मनात मात्र रोज म्हणत होते.

आता सॅम्पल खोलीचं. परदेशातली मोठी कंपनी, जिचं नाव पँटच्या पाठीमागे चामड्याच्या पट्टीवर मिरवतं, ती स्वतः एक टाकाही घालत नाही. ती चित्रं आणि मापं पाठवते. त्यावरून आमची खोली आधी तीन पँटी शिवायची, हुबेहूब एकसारख्या. मग कंपनीचा माणूस यायचा. त्याला आम्ही टेपवाला म्हणायचो, कारण मोजपट्टी त्याच्या गळ्यात कायम. जेवतानाही काढत नसे. तो यायचा, नाक मुरडायचा, आणि काय बदलायचं ते पँटवरच पिवळ्या खडूने आखून द्यायचा. पुन्हा शिवा, पुन्हा दाखवा. शेवटी एकदाचा टॅग लावून सही करायचा. घाई असली तर टॅगवर लिहायचा, ‘खुणेप्रमाणे बदल करून मंजूर’. मग ती खुणांची पँट आमच्या खोलीत टांगलेली राहायची आणि तिच्याकडे बघून खाली लाखभर पँटी निघायच्या. आमच्याकडे चूक झाली तर ती लाख वेळा होणार. त्यामुळे मी चुकत नसे आणि दुसऱ्या कुणाला चुकू देत नसे. माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या फॅक्टरीला ठाऊक होता. बावीस वर्षं मी ती खोली चालवली, उगाच नाही.

पुढे वाळूच्या खोलीतली माणसं एकामागून एक खोकायला लागली. डॉक्टरांचे कागद फॅक्टरीत यायला लागले, तसा मालकाने एका शनिवारी गाशा गुंडाळला. सोमवारी आम्ही कामावर गेलो तर दाराला कुलूप, मशिनी गायब, पाटीसुद्धा काढून नेलेली. मालकाचा पत्ता आजतागायत लागलेला नाही. म्हणजे दाद मागायची तर कुणाकडे? भिंतीकडे?

तेव्हा या वकीलबाई भेटल्या. छपाईच्या दुकानावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस. वयाने माझ्या मुलीसारख्या, पण डोकं असं चालतं की बघत राहावं. त्या म्हणाल्या, मालक पळाला तरी ज्या कंपनीसाठी हे सगळं चाललं होतं ती कुठे पळालेली नाही. तिच्याच देशातल्या कोर्टात तिला उभी करू. तिकडचे दोन वकील त्यांनी जोडीला घेतले आणि धाकट्याच्या आणि आणखी अकरा जणांच्या नावाने दावा लावला.

कंपनीने उत्तर दिलं, ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे, ती फॅक्टरी आमची नाही, ते कामगार आमचे नाहीत. आम्ही तयार माल विकत घेत होतो. तो कसा बनवायचा ते फॅक्टरीचं फॅक्टरी ठरवत होती, कोण कसं काम करतं यात आम्ही कधी पडलो नाही. सबब आमच्यावर खटलाच चालू शकत नाही. त्यामुळे कोर्ट आधी तेवढंच ठरवणार होतं, की या कंपनीवर खटला चालवायचा की नाही. नाही म्हटलं तर सगळं तिथेच संपणार. धाकट्याचं म्हणणं कुणी ऐकूनसुद्धा घेणार नव्हतं.

वकीलबाईंनी सगळ्यांना सांगितलं, घरात कागद, चिठ्ठी, फोटो, काहीही असेल तर शोधा. मी डोकं खाजवलं आणि एकदम आठवलं. फॅक्टरी बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात खोली आवरताना एक पँट मी घरी आणली होती. फेकूनच देणार होते ते लोक, आणि शिवलेली माझ्या हातची, जीव तुटला. ट्रंकेत तळाशी घालून ठेवली ती तशीच. काढून बघते तो काय, वर टेपवाल्याच्या सहीचा टॅग. ‘खुणेप्रमाणे बदल करून मंजूर’. आणि दोन्ही मांड्यांवर त्याच्या हातचे पिवळ्या खडूचे गोल, बाण, आणि त्याच्या भाषेत लिहिलेलं, इथे आणखी वाळू, आणखी चाळीस सेकंद.

मी तिथल्या तिथे फोन लावला. वकीलबाई फार आनंदल्या. म्हणाल्या, यापेक्षा मोठा पुरावा असूच शकत नाही, कंपनीच्या माणसाने स्वतःच्या हाताने वाळू मारायला सांगितल्याचा. उद्या सकाळी घेऊन या, कोर्टात दाखवायची आहे.

कोर्टात दाखवायची आहे. एवढं मी ऐकलं आणि कामाला लागले.

आता मला हसू येतं, तेव्हा मात्र मी अगदी मन लावून केलं हो. पँट इतकी वर्षं ट्रंकेत, पार चुरगळलेली. तसली परदेशी न्यायाधीशांसमोर धरायची? आधी शिलाईतले सुटे धागे कापले. कमरेजवळ गंजाचा डाग होता, तो काढला. मग आतून-बाहेरून झटकली, पातळ फडकं वर टाकून इस्त्री फिरवली, घडी घातली, पिशवीत सरकवली. सॅम्पल बाहेर पाठवताना जे बावीस वर्षं केलं ते सगळं केलं, एक पायरी सोडली नाही. आणि शिंप्याचा पिवळा खडू मेणाचा असतो. गरम इस्त्री लागली की तो उडून जातो. तो असतोच त्यासाठी. उरलंसुरलं असेल ते मी स्वतः ब्रशने साफ केलं.

बरं, करताना कळू नये? नाही कळलं. हात चालू होते, डोकं त्यात नव्हतंच. मी तर मनात म्हणत होते की बघा आता, कशी टापटीप दिसते.

दुसऱ्या दिवशी मी ती वकीलबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी अलगद उघडली. एक मांडी बघितली, दुसरी बघितली, उलटी केली, सुलटी केली. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “ताई, खुणा कुठे आहेत?”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काय केलं ते मी सांगितलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या उठल्या, मला पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या की टॅग तरी आहे. पण टॅगवर लिहिलेलं होतं खुणेप्रमाणे, आणि खुणा मी पुसलेल्या. त्या टॅगचं काय लोणचं घालायचं?

घरी जायला मला अर्ध्या तासाचा रस्ता दोन तास पुरला. भावाला काय तोंड दाखवू? त्याचे श्वास मोजके, त्यातली एकच आशा, आणि तिच्यावर मी इस्त्री फिरवून आले होते. आधी ठरवलं की सांगायचंच नाही. पण घरात शिरल्यावर माझा चेहरा बघून भावजयीनेच विचारलं आणि मग मला राहवलं नाही. धागे, डाग, फडकं, सगळं सांगितलं. आणि सांगता सांगता ते दुसरंही बाहेर पडलं. म्हटलं, त्या खोलीत तुला मीच लावला, आणि आता हेही मीच केलं.

धाकटा ऐकत होता. मला वाटलं आता तोंड फिरवेल. तर हा हसायला लागला. हसला की त्याला खोकला येतो, खोकला आला की आमची धांदल उडते. भावजय पाठ चोळायला लागली, मी मशीनची कळ फिरवली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाला, “ताई, तू आणि चुरगळलेली पँट बाहेर पाठवणार? शक्य आहे का?”

मग थांबत थांबत म्हणाला, की त्या नोकरीसाठी मी वर्षभर तुझं डोकं खाल्लं होतं, तू नाहीच म्हणत होतीस, विसरलीस का? मी खरंच विसरले होते. स्वतःला दोष देता देता तेवढंच नेमकं विसरले होते. मी रडले, भरपूर रडले, आणि त्याने मला रडू दिलं.

पण खटल्याचं काय? वकीलबाईंनी तिकडच्या वकिलांशी बोलून ठरवलं की लपवायचं काही नाही. पँट दाखवायची, झालं ते सांगायचं, आणि साक्ष मी द्यायची. कोर्ट तिकडे, मी इकडे. ऑफिसच्या मागच्या खोलीत मोठा पडदा लावला, समोर कॅमेरा, शेजारी दुभाषा. अत्यंत सभ्य माणूस, माझी प्रत्येक ओळ वहीत टिपून मगच बोलायचा. वकीलबाईंनी मला बजावलं होतं, विचारलं तेवढंच सांगा. मी मान डोलावली खरी, पण आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की हे मला जमणारं नाही.

पडद्यावर न्यायाधीश दिसल्या, बाईच होत्या, पिकल्या केसांच्या. आणि कंपनीचा वकील, उंच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. फार गोड बोलायचा. गोड बोलणाऱ्याची मला भीतीच वाटते. त्याने पँट मागवून घेतली होती, ती हातात धरून सगळ्यांना दाखवली. खुणा आहेत का? नाहीत. होत्या असं आपण म्हणता? हो. कुणी पाहिल्या? मी. आणखी कुणी? सॅम्पल खोलीतल्या सगळ्यांनी, पण आता कोण कुठे आहे ते मला माहीत नाही. आपण स्वतःच्या हाताने ही पँट साफ केलीत? हो. दाव्यात आपला सख्खा भाऊ आहे? हो.

प्रत्येक ‘हो’ला वाटायचं की धाकट्याच्या पायाखालची एकेक फळी मीच काढते आहे.

मग त्याने चष्मा वर सरकवला आणि विचारलं, हे सगळं करायला आपल्याला कोणी सांगितलं होतं? त्याला काय हवं होतं ते मला नंतर कळलं. मी म्हणावं, वकीलबाईंनी. म्हणजे त्याला म्हणता आलं असतं की खुणा मुळात नव्हत्याच, हे वकिलाने रचलेलं आहे. पण मला ते डावपेच काय कळणार? मला आला राग. बावीस वर्षं ज्यांनी हे माझ्या हाडांत मुरवलं, तेच विचारतात कोणी सांगितलं?

“तुम्ही,” मी म्हटलं. “तुमच्या कंपनीने.”

दुभाष्याने ते सांगितलं. वकील हसून म्हणाला, कृपया नीट उत्तर द्या. न्यायाधीशबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि मला म्हणाल्या, सांगा.

मग मी सांगितलं. आमच्या खोलीत दाराशेजारी कंपनीचा तक्ता होता, खाली कंपनीचं चिन्ह, दर वर्षी नवा यायचा. त्यात लिहिलेलं मला आजही पाठ आहे, म्हणून मी उभी राहिले आणि घडाघडा म्हणून दाखवलं. खोलीबाहेर जाणाऱ्या सॅम्पलवर खडूची एकही रेघ राहता कामा नये. सुटा धागा तीन मिलिमीटरच्या वर नसावा. डाग दिसल्यास ब्रश एकाच दिशेने फिरवावा. इस्त्रीची कळ दोन ठिपक्यांवर, कापडावर पातळ फडकं, दाब दहा सेकंद. घडी तीन, चौथी नाही. टेपवाला यायचा तेव्हा आम्हाला ओळीने उभं करून हे म्हणायला लावायचा. चुकली ती बाई दुसऱ्या दिवसापासून खालच्या हॉलमध्ये. मी म्हटलं, बाईसाहेब, मी सॅम्पल खोलीची मुख्य होते, पण माझ्या खोलीत घडी किती घालायची ते मी कधी ठरवलं नाही. मालकानेही ठरवलं नाही. त्यामुळे त्या दिवशी माझ्या हाताने जे केलं ते चुकलंच, पण शिकवणी यांची.

दुभाषा मागे पडला होता, त्याला मी श्वास घ्यायला दिला नव्हता. तो बिचारा वहीत बघून एकेक ओळ सांगत गेला. न्यायाधीशबाई लिहीत होत्या. मग त्यांनी पेन ठेवलं आणि विचारलं, असा तक्ता वाळूच्या खोलीतही होता का?

होता. का नसेल? सॅम्पलवर वाळू मारताना मी स्वतः तिथे उभी राहायची, तक्ता समोरच. नळीचं तोंड कापडापासून वीस सेंटीमीटर. एका मांडीला किती सेकंद, तासाला किती पँटी. आणि पँटच्या पायात पुठ्ठा सरकवायचा, मागच्या बाजूचं कापड खराब होऊ नये म्हणून. त्या पुठ्ठ्याचं तर चित्रही काढलेलं होतं, कसा धरायचा आणि कसा आत घालायचा ते.

“आणि काम करणाऱ्या माणसाच्या नाकातोंडासाठी काय लिहिलं होतं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “पुठ्ठा पँटीसाठी होता. माणसासाठी काही नव्हतं.”

इतकी वर्षं त्या चित्राकडे बघत मी उभी राहिले होते आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आलं ते त्या दिवशी, पडद्यासमोर. मी खाली बसले. माझ्या हातात रुमाल कोणी दिला तेही आठवत नाही.

न्यायाधीशबाईंनी कंपनीच्या वकिलाला विचारलं, असे तक्ते कंपनीने पाठवले होते का? तो म्हणाला, माहिती घ्यावी लागेल. कोण कसं काम करतं यात कंपनी कधी पडली नाही असं लेखी देताना माहिती घेतली होती का, असं बाईंनी विचारलं. मग हुकूम सुटला, तीन आठवड्यांत सगळे तक्ते कोर्टात हजर करा, प्रत्येक खोलीचे, प्रत्येक वर्षाचे.

आणि त्यांना ते करावे लागले. वकीलबाईंनी मला नंतर सांगितलं की मोठमोठ्या कंपन्या एक चिठोरंही फेकत नाहीत, सगळं जपून ठेवतात, तिथेच त्या सापडतात. वाळूच्या खोलीचेच सात वर्षांचे सात तक्ते निघाले. सातही तक्त्यांवर पुठ्ठ्याचं चित्र. पाचव्या वर्षी तर ते रंगीत केलेलं होतं, नीट दिसावं म्हणून. त्यावर टेपवाल्याची सही आणि त्याच्याही वरच्या तिघांच्या.

तरी निकालाला महिने लागले. त्या महिन्यांत मी कानाला खडा लावला होता, पुन्हा कशाला हात लावायचा नाही. वकीलबाईंकडे गेले तर टेबलावरचा कागद वाकडा दिसला तरी सरळ करत नसे. धाकटा मात्र उतरत चालला होता. पावलं कमी झाली, मग बोलणं कमी झालं. श्वास वाचवायला तो बोटांनीच सांगायचा, पाणी हवं, उशी वर कर, खिडकी उघड. भावजय सगळं समजायची. मला ते बघवत नसे, म्हणून मी उगाच भांडी घासत बसायची, घासलेलीच.

चार दिवसांपूर्वी दुपारी फोन वाजला. मी नाव बघितलं आणि भावजयीच्या हातात दिला, माझ्याच्याने घेववेना. तिने मोठ्या आवाजावर टाकला. वकीलबाई आधी नुसत्या हसत होत्या. मग म्हणाल्या, खटला चालणार. कंपनीचं म्हणणं फेटाळलं. आणि निकालातली एक ओळ त्यांनी तिथल्या तिथे आमच्या भाषेत करून वाचली, की धाग्याची लांबी जी कंपनी ठरवते, तिला तो धागा कापणाऱ्या माणसाशी आपला काही संबंध नाही असं म्हणता येणार नाही.

माझा जीव भांड्यात पडला. पडला कसला, धाडकन आदळला. मी भावजयीला मिठी मारली, मग धाकट्याला मारायला गेले तर त्याची नळी निघाली, मग ती लावताना आम्हा दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. इतके महिने छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं की माणूस वेड्यासारखं वागतं. मी वकीलबाईंना फोनवरूनच दृष्ट काढल्यासारखे हात केले. त्यांना दिसणार थोडेच.

पण त्या फोनवरच होत्या. आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, आता खरा खटला सुरू होईल. पहिली साक्ष भावाची. कोर्टाला त्याच्या तब्येतीचं कळवलं आहे, त्यामुळे लवकरात लवकरची तारीख मिळते आहे, तरी मध्ये सहा आठवडे जातील. मग त्या घुटमळल्या. म्हणाल्या, जमेल ना त्यांना? नसेल तर आताच लेखी घेऊन ठेवू या, म्हणजे कसंही झालं तरी… आणि पुढचं त्यांनी सोडून दिलं.

खोलीत मशीन घरघरत होतं. कसंही झालं तरी म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळलं. भावजय फोनकडे बघत होती. मी काही तरी उत्तर द्यावं म्हणून तोंड उघडलं, पण धाकट्याने हात पुढे केला. आठवडाभर तो कुणाशी शब्द बोलला नव्हता. भावजयीने फोन त्याच्याजवळ नेला. त्याने नाकातली नळी सारखी केली, दोनदा श्वास भरून घेतला आणि स्वच्छ आवाजात बोलला.

“मी आहे. तुम्ही तारीख घ्या.”

मग वकीलबाईंनी तारीख सांगितली, आणि भावजयीने ती कॅलेंडरवर लिहून घेतली.